इतरेतर की समाहार? : सांगली-मिरज-कुपवाड व सातारा येथील नगरहद्दींचा प्रश्न

द्वंद्व समासाचे इतरेतर आणि समाहार असे भेद आपण विद्यार्थ्यांस नित्य शिकवितो. 'रामलक्ष्मण' म्हटले की दोन व्यक्ती पृथक् उभ्या राहतात. 'मीठभाकर' म्हटले की मीठ किती आणि भाकर किती ह्याची मोजदाद कोणी करीत नाही, साधे जेवण एवढाच बोध होतो. जोडणीची रीत दोहोंत एकच असते. भेद आहे तो बोलणारा त्या पदांकडे कोणत्या दृष्टीने पाहतो ह्यात. दिनांक ९ फेब्रुवारी १९९८ रोजी 'सांगली-मिरज-कुपवाड' ह्या नावाची महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा हा व्याकरणातला प्रश्न एका मोठ्या नागरवस्तीच्या व्यवहारात उतरला. हे नाव इतरेतर द्वंद्व आहे की समाहार द्वंद्व? येथे तीन गावे आहेत की एक शहर? राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी ह्या महापालिकेची पक्षीय बलाबले तपासावीत, ते त्यांचे क्षेत्र आहे. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय शब्दांचा असल्यामुळे त्याने शब्दांच्या वाटेने ह्या इतिहासात शिरण्याचे योजिले आहे. नगरहद्दींचे तंटे ठरावांत आणि अधिसूचनांत मिटल्यासारखे दिसतात, पण नावांत व रूढ शब्दांत ते पुष्कळ काळ जिवंत राहतात, असे त्यास वाटते.

प्रथम सांगली आणि मिरज ह्यांचे नाते पाहू. दोहोंत मिरज निःसंशय ज्येष्ठ. शिलाहारांच्या लेखांत 'मिरिंज' देशाचा उल्लेख येतो. पुढे बहामनी आणि आदिलशाही अमदानीत मिरजेचा किल्ला हे ह्या भागातील एक प्रमुख ठाणे होते. पेशवाईत ते पटवर्धनांकडे आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस चिंतामणराव पटवर्धन आणि त्यांचे चुलते गंगाधरराव ह्यांच्यात वाटणीचा कलह झाला, आणि १८०१ च्या सुमारास चिंतामणरावांनी मिरज सोडून कृष्णाकाठच्या सांगली ह्या लहानशा गावी आपले स्वतंत्र ठाणे केले. मिरजेहून निघताना त्यांनी गणपतीची मूर्ती बरोबर नेली, असे परंपरा सांगते. म्हणजे सांगली शहराचा जन्मच मिरजेपासून विभक्त होण्याच्या कृतीतून झाला आहे. पुढे १८२० मध्ये मिरज संस्थानाचीही थोरली आणि धाकटी अशी दोन पाती झाली, आणि धाकट्या पातीची राजधानी कालांतराने सांगलीच्या अगदी निकट असलेल्या बुधगावी आली. आठ-दहा मैलांच्या टापूत तीन दरबार नांदू लागले.

सांगली हे नाव 'सहा गल्ल्यां'वरून पडले, असे त्या गावी कोणीही सांगेल. ही लोकव्युत्पत्ती होय. 'सहा'मधील हकाराचा लोप मान्य केला तरी त्याच्या जागी अनुनासिक कोठून आले आणि 'गल्ली'तील द्वित्व कोठे गेले, ह्याचा उलगडा होत नाही. परंतु लोकव्युत्पत्ती खोटी असली तरी निरर्थक नसते. आपले गाव मुळात सहा बोळांचे होते आणि पुढे राजधानी झाले, ही सांगलीकरांची स्वतःविषयीची कथा त्या व्युत्पत्तीत सांठविली आहे. मिरजकरांस अशा कथेची गरज पडली नाही. जुन्या सांगलीच्या विभागांची नावेही लक्षणीय आहेत : गावभाग, खणभाग, पेठभाग, वखारभाग. एखादी वाटणी नकाशावर आखावी तशी ही 'भाग'-पदान्त नावे आहेत. मिरजेस 'किल्ला भाग' एखादा आढळतो, पण त्याच्या शेजारी 'ब्राह्मणपुरी'सारखी जुन्या वळणाची नावे आहेत.

इंग्रजी अमलात आगगाडीने ज्येष्ठत्वाचा हा वाद आणखी चिघळविला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याहून दक्षिणेस जाणारा लोहमार्ग मिरजेवरून गेला आणि मिरज जंक्शन झाले. सांगलीस मात्र बराच काळ मिरजेहून निघणाऱ्या फाट्यावर समाधान मानावे लागले. डॉ. विल्यम वानलेस ह्या कॅनेडियन मिशनरी शल्यचिकित्सकाने १८९० नंतरच्या दशकात मिरजेस रुग्णालय उभारले, तेव्हापासून वैद्यकाचे केंद्र म्हणून मिरजेचा लौकिक झाला. सांगलीची भरभराट हळदीच्या बाजारपेठेने झाली. दोन गावे एकमेकांस खेटून वाढत गेली आणि तरीही एकमेकांची उपनगरे झाली नाहीत. वानलेसांच्या नावाची वानलेसवाडी आणि विश्रामबाग ही स्थळे पाहिली म्हणजे हे ध्यानात येते : ती कोणत्या गावाची, असे विचारले असता उत्तर देणारा कोणत्या गावचा आहे ह्यावर ते उत्तर अवलंबून असे.

१९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली, आणि १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग करून विलीन संस्थानांचा मुलूख त्यांत बसविण्यात आला. ह्या दोन जिल्ह्यांची नावे होती उत्तर सातारा व दक्षिण सातारा. दीड शतक स्वतःच्या नावाने राज्य चालविलेल्या सांगलीस आता दुसऱ्याच्या गावाची दिशा म्हणून ओळखले जाऊ लागले. १९६० मध्ये ह्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले, आणि उत्तरेकडच्या जिल्ह्यास आपले विशेषण टाकून देता आले. मौज अशी की जिल्ह्यास सांगलीचे नाव मिळाले तरी सांगली शहर ज्या तालुक्यात मोडते तो तालुका मिरजेचाच राहिला. महसुली दप्तराने दोन्ही गावांचा मान अशा रीतीने राखला.

आता १९९८ च्या नावाकडे वळू. महाराष्ट्रात जोडनावांच्या महापालिका आणखीही आहेत : पिंपरी-चिंचवड, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार, भिवंडी-निजामपूर, नांदेड-वाघाळा. परंतु तीन पदांचे नाव धारण करणारी महापालिका राज्यात ही एकच. तीन नावे लिहावी लागली ह्याचा अर्थ एवढाच की त्यांपैकी कोणतेही एक नाव सोडणे कोणासही शक्य झाले नाही. द्वंद्वातील पदांच्या क्रमाविषयी संस्कृत वैयाकरणांनी नियम केले आहेत. अल्पस्वर पद आधी यावे असा एक, आणि अभ्यर्हित, म्हणजे अधिक मान्य, पद आधी यावे असा दुसरा. सांगली आणि मिरज ह्यांत स्वरसंख्येने निवाडा होण्याजोगा नाही. राहिला तो अभ्यर्हिताचा निकष, आणि तेथेच मतभेद. जिल्ह्याचे ठिकाण म्हणून सांगली प्रथम आली, महापालिकेचे मुख्यालयही सांगलीत राहिले. वयाने वडील असलेले मिरज दुसरे झाले. कुपवाड हे औद्योगिक वसाहतीमुळे वाढलेले गाव तिसऱ्या स्थानी बसले. त्याच्या नावाचा नित्याच्या बोलण्यात उच्चार होईलच ह्याची शाश्वती नाही, कारण लोक सामान्यतः 'सांगली-मिरज' एवढ्यावर थांबतात.

सांगलीस अगदी चिकटलेले माधवनगर आणि धाकट्या पातीची जुनी राजधानी बुधगाव ही मात्र ह्या महापालिकेत आली नाहीत. बोलीभूगोलाच्या अभ्यासकांस हा प्रकार परिचित आहे. एखादे राज्य नाहीसे झाले तरी त्याची सीमा शब्दांच्या वापरात शतकभर टिकून राहते. नगरशासनातही तसे घडत असावे. ह्या एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडण्याचा आग्रह नाही, पण जुन्या संस्थानी नकाशावर नव्या नगरहद्दी ठेवून पाहण्याचे काम एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने अवश्य अंगावर घ्यावे.

विलीनीकरणानंतरच्या पाव शतकात मिरजेकडून जी गाऱ्हाणी सार्वजनिक रीत्या मांडली गेली त्यांत 'सापत्न' हा शब्द पुनःपुन्हा भेटतो. सावत्रपणाची भाषा वापरण्यास आधी एक कुटुंब गृहीत धरावे लागते, हे येथे विसरता कामा नये. कुपवाडची तक्रार निराळी. तेथील भुयारी गटारांचा प्रश्न वर्षानुवर्षे सभागृहात चर्चिला गेला. महापालिकेचे क्षेत्र सांगली व मिरज ह्या दोन विधानसभा मतदारसंघांत विभागलेले असल्यामुळे प्रत्येक मोठ्या कामास दोन आमदारांचे दोन दृष्टिकोन लाभतात. निवडणुकांतही शहराचा म्हणून एक कल क्वचितच दिसतो. २०१८ च्या निवडणुकीत ७८ पैकी ४१ जागा मिळवून भारतीय जनता पक्षाने प्रथमच सत्ता घेतली. अडीच वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्याच सभागृहात त्या पक्षाचे काही सदस्य फुटले आणि महापौरपद राष्ट्रवादी काँग्रेसकडे गेले. ('महापौर' हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या खटपटीतून आला. जुन्या पिढीचे लोक अजूनही सबंध संस्थेस 'मुनसिपालटी' म्हणतात आणि त्यांचे काही अडत नाही.)

परंतु सांगलीच्या नगरराजकारणाचा खरा गाभा मुख्यालय कोठे आणि महापौर कोणाचा ह्यात नाही, असे लेखकाचे मत आहे. तो एका शब्दात आहे : गुंठेवारी. 'वारी' हे पद महसुली मराठीत जुने आहे. रयतेगणिक सारा ठरविण्याची ती रयतवारी, पिकाचा अंदाज आण्यांच्या मापाने बांधण्याची ती आणेवारी. त्याच साच्यावर गुंठ्यागुंठ्याने जमीन विकण्याच्या व्यवहारास गुंठेवारी हे नाव पडले. एकराचा चाळिसावा हिस्सा म्हणजे गुंठा, सुमारे १,०८९ चौरस फूट. एका साध्या कुटुंबाचे घर त्यावर उभे राहते. हा शब्द सरकारने घडविलेला नाही. तो बाजारात आणि स्टँपपेपरावरील करारांत घडला आणि मागाहून कायद्याने उचलला.

व्यवहार असा होत असे. १९४७ च्या तुकडेबंदीच्या कायद्याने शेतजमिनीचे लहान तुकडे पाडण्यास मनाई होती. शहरातील घर वा रीतसर मंजूर भूखंड हमाल, कामगार, कारकून ह्यांच्या आवाक्याबाहेर होता. मग शहराच्या कडेचा शेतकरी आपले शेत गुंठ्यांनी विकी, घेणारा साध्या कागदावर करार करी, आणि बिनशेती परवानगी, आराखडा, रस्त्यांची रुंदी ह्यांपैकी काहीही न होता वस्ती उभी राही. सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचेच. रस्ता म्हणजे दोन घरांमधील उरलेली जागा. अशा वस्तीत नगरपालिकेने पाणी, दिवा वा गटार द्यावे तर ती वस्ती कागदोपत्री अस्तित्वातच नसे, आणि देऊ नये तर तेथे हजारो माणसे राहत होती, मतेही देत होती. सांगली-मिरजेच्या परिसरात अशा वसाहती मोठ्या प्रमाणावर वाढल्या. शामरावनगराच्या सखल भागात दर पावसाळ्यात साचणारे पाणी हे ह्या व्यवहाराचे आजही दिसणारे फळ होय. गुंठेवारीधारकांच्या चळवळी येथे झाल्या, मोर्चे निघाले, आणि २००१ मध्ये राज्याने गुंठेवारी विकासाचे नियमितीकरण, श्रेणीवाढ व नियंत्रण ह्यांविषयीचा अधिनियम केला. १ जानेवारी २००१ रोजी अस्तित्वात असलेल्या वस्त्यांस शुल्क भरून नियमित होण्याची वाट त्याने मोकळी केली. पुढे २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आली. वीस वर्षांच्या काळात ज्या व्यवहारास आळा बसावयाचा होता तो चालूच राहिला, ह्याची ती दुरुस्ती म्हणजे लेखी कबुलीच होय.

ह्या वस्त्या बहुशः सांगली, मिरज आणि कुपवाड ह्यांच्या मधल्या रानात वसल्या. तेथला रहिवासी कोणत्याही संस्थानाचा वारस नव्हता. त्याला नळ कोणत्या गावाच्या नावाने येतो ह्याचे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते. इतरेतराचा समाहार झालाच असेल तर तो ह्या मधल्या गुंठ्यांत झाला आहे.

साताऱ्याची कथा ह्याहून वेगळी आहे. तेथे एकच शहर, एकच राजधानी. वाद आहे तो शहर कोठे संपते ह्याविषयी. १८४८ मध्ये डलहौसीने संस्थान खालसा केले आणि पाचच वर्षांत, १८५३ साली, साताऱ्यास नगरपालिका स्थापन झाली. १८५० च्या सव्विसाव्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या मुंबई इलाख्यातील आरंभीच्या नगरपालिकांत तिची गणना होते. शहराच्या पेठांची नावे पाहावीत : वारांच्या नावांच्या पेठा, त्यांच्या जोडीस चिमणपुरा, व्यंकटपुरा, रघुनाथपुरा, प्रतापगंज, यादोगोपाळ, पंताचा गोट. छावणीच्या बाजूस सदर बझार. पेठ, पुरा, गंज, गोट आणि बझार ह्या पाच शब्दांत शाहूंपासून इंग्रजांपर्यंतचा नगरवाढीचा क्रम वाचता येतो.

सदर बझाराच्या बाजूस इंग्रजांनी आणखी एक गोष्ट केली, जिचे आज फारसे कोणास स्मरण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात साताऱ्यास दोन नगरपालिका होत्या, एक शहराची आणि दुसरी उपनगराची. १९०१ च्या शिरगणतीत सुमारे २६ हजार वस्तीपैकी ह्या उपनगराचे लोक तीन हजारांच्या आतच होते. तरीही एवढ्याशा वस्तीस आपला कर बसविणारी व आपला खर्च करणारी स्वतंत्र संस्था होती. छावणीलगतच्या लोकवस्तीस शहरात मिसळू न देण्याचा त्यामागील हेतू आपणांस रुचणारा नाही. पण उपनगर म्हणजे शहरास जोडावयाचे शेपूट, ही कल्पना तुलनेने अलीकडची आहे, एवढे ह्यावरून कळते.

स्वातंत्र्योत्तर काळात सातारा डोंगराच्या कुशीतून खाली पूर्वेस आणि उत्तरेस पसरला. शाहूपुरी, विलासपूर, संभाजीनगर ह्या नव्या नावांच्या ग्रामपंचायती झाल्या. खेड, कोडोली, दरे खुर्द ही जुनी गावे नव्या घरांनी भरली. येथील माणूस दिवसभर शहरात राबे आणि रात्री खेड्यात निजे. घरपट्टी ग्रामपंचायतीची, म्हणून हलकी. पाणी मात्र कासच्या तलावाचे नव्हे तर जीवन प्राधिकरणाचे. कासचे पाणी उंचावरून आपोआप उतरते, पंपाचे वीजबिल त्यास नाही, म्हणून 'कासचे पाणी' हा साताऱ्यात नुसता पाण्याचा प्रकार नसून शहरवासी असल्याची खूण आहे.

ह्या ग्रामपंचायतींच्या आणि नगरपालिकेच्या मध्ये काही पट्टे असे उरले की ते कोणाच्याच हद्दीत नव्हते. गोडोली-शाहूनगरचा हा भाग 'त्रिशंकू' ह्या नावाने ओळखला जाऊ लागला. ना ग्रामपंचायत, ना नगरपालिका. रस्त्यावरील दिव्यासाठी अर्ज कोणाकडे करावा हाच प्रश्न. विश्वामित्राने स्वर्गाकडे पाठविलेला आणि इंद्राने खाली ढकललेला राजा मध्येच लोंबकळत राहिला, ही कथा ज्यांनी ह्या वस्तीस लाविली त्यांची भाषिक जाण लेखकास फार मोलाची वाटते. आणखी विशेष असे की वृत्तपत्रांनी आणि अर्जदारांनी तो शब्द उपरोधाने वापरला तरी हळूहळू तो केवळ स्थलवाचक झाला. 'मी त्रिशंकू भागात राहतो' असे माणसे पत्ता सांगावा तसे सांगू लागली.

हद्दवाढीचा प्रस्ताव कित्येक वर्षे मंत्रालयात पडून होता. ग्रामपंचायतींचा विरोध समजण्यासारखा होता : सरपंच, सदस्य, निधी आणि हलकी घरपट्टी एकदम जाणार होती. नगरपालिकेच्या आतही मन एक नव्हते. तेथील सत्ता सातारा विकास आघाडी आणि नगरविकास आघाडी ह्या राजघराण्याच्या दोन शाखांच्या आघाड्यांत फिरत असे, आणि नवे मतदार कोणाच्या पारड्यात पडतील ह्याचे गणित दोघांनाही मांडावे लागे. ह्या दोन आघाड्या २०१६ पर्यंत काही वर्षे एकत्र नांदल्या. त्या समझोत्यास 'मनोमिलन' असे नाव होते. 'युती' किंवा 'तडजोड' हे शब्द उपलब्ध असता सातारकरांनी प्रणयकथेस शोभणारा हा शब्द निवडला, कारण तंटा घराण्यातला होता आणि घराण्यातील माणसांत युती होत नसते. २०१६ मध्ये मनोमिलन मोडले. नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडण्याची पद्धत त्याच वर्षी परत आली होती. ती २००१ साली आली, २००६ साली गेली, २०१६ साली आली, २०२० साली पुन्हा गेली आणि २०२२ साली पुन्हा आली. ज्या पदाच्या निवडीची रीत दर चारदोन वर्षांनी बदलते त्याच्याभोवती स्थिर नगरनीती उभी राहील अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

अखेर सप्टेंबर २०२० मध्ये हद्दवाढ मंजूर झाली. शाहूपुरी, विलासपूर, दरे खुर्द, तसेच खेड, कोडोली व संभाजीनगर ह्यांचे काही भाग आणि तो त्रिशंकू पट्टा नगरपालिकेत आला. २०११ च्या जनगणनेत सुमारे १ लाख २० हजार वस्तीचे असलेले शहर एका अधिसूचनेने विस्तारले. येथे सांगलीसारखे जोडनाव झाले नाही. कोणी 'सातारा-शाहूपुरी' म्हटले नाही, म्हणण्याचा विचारही केला नाही. संस्कृतात 'पितरौ' म्हटल्याने आई आणि बाप दोघांचा बोध होतो, पण उच्चार एकट्या बापाच्या शब्दाचा. वैयाकरण ह्यास एकशेष म्हणतात. साताऱ्याची हद्दवाढ ही एकशेषाची रीत होय. सर्व गावे आत आली आणि शब्द एकच उरला.

एकशेषात लोपलेल्या पदाचा अर्थ मात्र शाबूत राहावा लागतो, नाही तर रूप फसते. साताऱ्यात काय झाले ते तारखांवरून पाहावे. २०२० मध्ये शाहूपुरी आणि विलासपूर ह्यांच्या ग्रामपंचायती विसर्जित झाल्या. २०२१ च्या अखेरीस नगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. इतर मागास प्रवर्गाच्या राजकीय आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्यामुळे महाराष्ट्रातील बहुतेक सर्व नगरपालिकांच्या निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. नव्या हद्दीतील मतदारास आपला नगरसेवक निवडण्याची पहिली संधी डिसेंबर २०२५ मध्ये मिळाली. मधली पाच वर्षे त्याला सरपंचही नव्हता आणि नगरसेवकही नव्हता. कर होता. पूर्वी 'त्रिशंकू' हा शब्द एका चिंचोळ्या पट्ट्यापुरता होता. ह्या पाच वर्षांत त्याची व्याप्ती हद्दवाढीच्या सबंध क्षेत्रावर, आणि प्रतिनिधित्वापुरते बोलावयाचे तर जुन्या पेठांवरही, झाली. भाषाशास्त्रात ह्यास अर्थविस्तार म्हणतात.

सांगलीतही तेच घडले. महापालिकेच्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२३ मध्ये संपली आणि पुढील मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. ह्या अडीच वर्षांत मुख्यालय कोठे, निधी कोणास आणि महापौर कोणत्या गावचा हे तिन्ही वाद थंडावले, कारण भांडावयास सभागृहच नव्हते. मिरजेची सापत्नभावाची तक्रार ऐकण्यास एक प्रशासक होता, आणि प्रशासक हा तीन गावांपैकी कोणत्याच गावचा नसतो.